सहकाऱ्यांसाठीचं कुलूप

ऑफिसात आपण जेवायला उठावं आणि परत येऊन बघावं तर शेजारचा आपल्या कॉम्प्युटरवर बसलेला! "दोनच मिनिटं, एक प्रिंट काढतोय." कुणालाच हे आवडत नाही, पण बोलायचा संकोच वाटतो. पासवर्ड घातला तर पुढचा प्रश्न ठरलेला, "का रे, आमच्यावर विश्वास नाही वाटतं?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं. कॉम्प्युटरवरचे अगदी सुरुवातीचे पासवर्ड बाहेरच्या चोरासाठी नव्हतेच. ते एकाच खात्यात काम करणाऱ्या, एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसांसाठी होते.

गोष्ट अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतली. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि ते वापरायला रांग. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. वर्गात चाळीस मुलं असली तरी मास्तर एकच असतो. तो याची वही बघतो, त्याचं गणित तपासतो, आणि प्रत्येकाला वाटतं की सर आपल्याकडेच बघताहेत. तसंच हे. पण यंत्र सामाईक झालं तरी प्रत्येकाचं काम वेगळं. मग कॉर्बाटोंनी साधा उपाय काढला, प्रत्येकाला एक गुप्त शब्द. त्याच्या आधारे कुणाची कागदपत्रं कुणाची आणि कुणी किती वेळ यंत्र वापरलं, याचा हिशेब राहू लागला.

हे कुलूप तोडलं कुणी? तिथल्याच एका संशोधकानं. ॲलन शेर यांना आठवड्याला चार तास मिळत, आणि ते त्यांच्या प्रबंधाला पुरत नव्हते. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्यांनी पंचकार्डावर छापण्याची विनंती लिहून दिली, आणि छापायला सांगितली ती पासवर्डांची यादीच! शनिवारी सकाळी जाऊन ते कागद घेऊनही आले. मग दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू. संशय एकट्यावर येऊ नये म्हणून यादी आणखी काही जणांना वाटली. त्या व्यवस्थेच्या पन्नाशीनिमित्त २०११ साली निघालेल्या पुस्तिकेत ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे.

त्यात कुणी दुष्ट नव्हतं. काम अडलेला एक हुशार माणूस, एवढंच. "दोनच मिनिटं" म्हणणारा आपला शेजारी त्याच जातकुळीतला.

पुढे १९६५-६६ च्या सुमारास तिथेच आणखी गंमत झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगवेगळे मजकूर दुरुस्त करत होते. त्यांची अदलाबदल झाली आणि यंत्र सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सकाळच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. कुलूप चांगलं, पण सगळ्या किल्ल्या एकाच खिळ्याला! यावर इंग्लंडात केंब्रिजला रॉजर नीडहॅम यांनी तोड काढली. मूळ शब्द साठवायचाच नाही, ज्यातून तो परत काढता येणार नाही असं त्याचं रूपांतर तेवढं ठेवायचं.

तरी माणूस आपल्या वळणावरच जातो. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली आपली पाहणी छापली. ३,२८९ पासवर्ड तपासले, त्यातले ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाले. पंधरा तर एकाच अक्षराचे!

मग कॉम्प्युटर टेबलावर आला. त्यावर आपलंच राज्य, अशी समजूत झाली आणि कुलपाचं भान सुटलं. १९८१ च्या आयबीएम पीसीला पासवर्ड नव्हता. १९८४ च्या पीसी एटीला मात्र समोर खरोखरचं कुलूप होतं, कपाटासारखी किल्ली फिरवायची की कीबोर्ड बंद. विंडोज ९५ पासवर्ड विचारायचं खरं, पण 'कॅन्सल' दाबलं तरी आत घ्यायचं! २००१ च्या एक्सपीत विंडोजची कळ आणि 'एल' एकत्र दाबून पडदा बंद करायची सोय आली. ती आजही आहे. जागेवरून उठताना तेवढं केलं तरी बरंच काम होतं.

आपल्याकडेही कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून कॉम्प्युटर वापरल्यास भरपाई सांगितली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी कुणी कलमाच्या भाषेत बोलत नाही, बोलूही नये.

त्याला एवढंच सांगावं. मुख्य अडचण त्यानं आपलं काही बघण्याची नाहीच. तिथून जे जाईल ते आपल्या नावानं जातं. पत्र चुकलं, आकडा बदलला, फाइल पुसली गेली, तर जाब आपल्याला विचारला जाणार, आणि आपला पहिला संशय त्याच्यावर जाणार. हजेरीपटावर आपण दुसऱ्याला आपली सही करू देत नाही. त्यात अविश्वास नसतो, सही ज्याची त्यानंच करायची असते. कुलूप असलं की निदान मित्रावर संशय घ्यायची पाळी येत नाही.

कॉर्बाटो २०१९ साली गेले. आपण सुरू केलेल्या पासवर्डांचा पुढे किती जाच झाला, हे त्यांनी म्हातारपणी मोकळेपणानं कबूल केलं होतं. आमच्या वयाच्या मंडळींना ते लगेच पटेल. असो. जाच आहे, पण चहाला उठताना तेवढ्या दोन कळा दाबाच.