खांब कोणाचा, तार कोणाची?

मागच्या शनिवारी घरी होतो, यावलला. संध्याकाळी गच्चीवर उभा राहून समोरच्या विजेच्या खांबावरच्या तारा मोजल्या. विजेच्या सोडून अकरा निघाल्या! टीव्हीच्या केबल, दोन-तीन इंटरनेटवाल्यांच्या फायबर, काही तर तुटून नुसत्याच लोंबणाऱ्या.

काका म्हणाले, "हे तं काहीच नाही. मळ्यात चल." त्यांच्या केळीच्या बागेच्या बांधावर टेलिफोन खात्याच्या काळातला एक खांब आहे. तार कधीच गेली, खांब मात्र उभा. काकांचा प्रश्न साधा होता. गावात ज्यांच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे त्यांना दर महिन्याला भाडं मिळतं, मग आमच्या खांबाला एक रुपयाही कधी का नाही मिळाला?

मी म्हटलं, बघून सांगतो. पुण्याला परत येताना बसमध्ये मोबाईलवर वाचत बसलो आणि थेट इंग्रजांच्या काळात पोचलो.

आपल्याकडे तारसेवा सामान्य लोकांना 1855 च्या फेब्रुवारीत खुली झाली. तारेची लाइन म्हणजे शेकडो मैल खांबच खांब. प्रत्येक खांबाखालची हात-दोन हात जमीन विकत घेत बसलं तर झालंच काम. यावर 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तोडगा काढला. कलम 10 म्हणतं की तार खातं कुणाच्याही जागेत खांब रोवू शकेल, पण त्या जागेवर सरकारचा हक्क फक्त वापराचा, मालकीचा नाही. नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि जे होईल त्याची भरपाई द्यायची. मालकाने अडवलं तर जिल्हा दंडाधिकारी हुकूम देणार, भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं.

म्हणजे काकांचं उत्तर मिळालं. गच्चीवरचा टॉवर करारावर उभा असतो, म्हणून भाडं. बांधावरचा खांब कायद्याच्या हक्कावर उभा राहिला, म्हणून भाडं नाही. खांब रोवताना केळीची चार खोडं मोडली असती तर त्याचे पैसे मागता आले असते, तेवढंच. (शेतातल्या हाय टेन्शन लाइनच्या मनोऱ्यांमागेही हेच कलम आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 164 ने ते अधिकार वीजवाल्यांना देता येतात.)

पण या कायद्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. तारवाला एकच, आणि तो म्हणजे सरकार. 1994 च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि प्रश्न बदलला. आता दहा जण आहेत, मग दहा खांब रोवायचे का? आणि एकाचा खांब दुसऱ्याने वापरायचा तर किती पैशाला? अमेरिकेत हे भांडण आधीच झालं होतं. तिथे खांब फोन आणि वीज कंपन्यांचे, केबल टीव्हीवाले भाडेकरू. मालक वाट्टेल ते भाडं सांगतात म्हणून 1978 साली तिथल्या काँग्रेसने कायदा करून खांबाच्या भाड्यावर सरकारी नियंत्रण आणलं.

आपल्याकडे टॉवरचं जमलं. 2007 साली भारती, व्होडाफोन एस्सार आणि आयडिया या एकमेकांच्या कट्टर स्पर्धकांनी मिळून इंडस टॉवर्स काढली, आणि 2008 मध्ये दूरसंचार खात्याने टॉवर वाटून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. हे काही प्रेमापोटी झालं नाही. टॉवरचं लोखंड, जागेचं भाडं, बॅटऱ्या, जनरेटरचं डिझेल हा सगळा खर्च तिघांत वाटला जातो, साधा हिशोब आहे.

जमिनीखाली मात्र हा हिशोब कुणाला सुचत नाही. मागच्या वर्षी माझी रिलीज चालू असताना नेट गेलं. खाली जाऊन बघतो तर एका कंपनीचा जेसीबी दुसऱ्या कंपनीची केबल तोडून शांतपणे उभा! रस्ता तोच, सहा महिन्यांपूर्वी खणलेला.

सरकार काहीच करत नाही असं नाही. 2016 च्या राइट ऑफ वे नियमांनी खोदाईच्या परवानगीला 60 दिवसांची मुदत घातली. 2022 च्या दुरुस्तीत रस्त्यावरचे खांब छोट्या 5जी यंत्रांसाठी वापरायचा दर ठरला, शहरात वर्षाला 300 रुपये आणि खेड्यात 150. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यात सामायिक डक्टची तरतूद आली, म्हणजे एकदाच खणा आणि सगळ्यांच्या केबल त्यातून न्या. त्याचे नवे राइट ऑफ वे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. आमच्या गल्लीत अजून असा डक्ट आलेला नाही, तारा अकराच आहेत.

रविवारी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे जागा माहीच ना?"

"हो, तुमचीच."

"मंग आता हा खांबा काढाले कोनाले सांगू?"

जुन्या कायद्यात त्यालाही कलम होतं, सतरावं. जागेच्या मालकाला जागेचा काही वापर करायचा असेल आणि खांब आड येत असेल, तर तो हलवायला सांगता यायचं. पण सांगायचं कुणाला, तर तार खात्याला. आणि तार तर 2013 च्या जुलैमध्येच बंद झाली.