वाऱ्यावरचा भार

१८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं खामगांवचा कापूस-बाजार व आगगाडीचा फांटा खुला केला. तेथें येणाऱ्या बैलगाडीचा भार आंसाच्या कुरकुरीवरून कानास कळे. तत्पूर्वींच, १८४५ सालीं, विलायतेंत टॉमसन यांनीं हवा भरलेल्या धावेचें पेटंट घेतलें होतें. १८८८ नंतर डनलॉप यांनीं ती प्रचारांत आणली. पुढें हवा चाकांतून कमानीपर्यंत चढली. आज कांहीं मालमोटारींच्या पोलादी पाट्यांस रबरी हवा-पिशव्यांचा आधार असतो. मात्र ही हवा कुरकुरत नाहीं. एक पिशवी झिरपली, कीं गाडी कलते. म्हणून दोहोंचा दाब निरनिराळा मोजावा. समृद्धि महामार्गाचा मेहकर-सिंदखेडराजा भागांतून जाणारा टप्पा २०२२ सालीं खुला झाला. त्या वेगांत कलणें जिवावर बेतेल. निघण्यापूर्वीं दाबमापकाचा कांटा पाहणें, हेंच आतां गाडीवानाच्या कानाचें काम होय.