टेस्लाची होडी, पुतण्याची होडी

१८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या हौदात होडी सोडली आणि दुरूनच, बिनतारी लहरींनी फिरवून दाखवली. पेटंटही काढलं. आरमाराने काही ती घेतली नाही. म्हणजे खाऱ्या पाण्यातून वाचलीच म्हणायची!

ती बॅटरीवर चालायची. आमच्या पुतण्याच्या होडीला मेथॅनॉल, नायट्रोमीथेन आणि एरंडेल लागतं. (एरंडेल म्हटलं की माझं तोंड अजून वाकडं होतं.) सुट्टीत त्याने ती मालवणच्या समुद्रात पळवली आणि गोड्या पाण्याने न धुता, इंजिनात तेलाचे दोन थेंबही न सोडता खोक्यात ठेवली. आठ दिवसांनी बेअरिंगं गंजून गच्च! आम्हाला कॉमर्सला घसारा वर्षाला दहा टक्के शिकवला होता.

पोरगं मुसमुसत म्हणालं, "काका, बघा ना."

मी एरंडेलाची बाटली शोधायला उठलो.