मण्यांचा हिशेब

आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी. संततिनियमनाची साधने त्यांना नकोशी. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले. त्यांच्या प्रयोगात बायकांना मण्यांची माळ मिळाली. हिरवे मणी निर्धोक दिवसांचे, लाल मणी गर्भ राहण्याच्या दिवसांचे. रोज एक मणी सरकवायचा. किती सोपे! पण जपानच्या डॉ. ओगिनोंनी १९२४ मध्येच दाखवले होते, की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटते. म्हणजे मोजायचे उलटे, आणि तेही अजून न आलेल्या तारखेपासून! माळ ओवायची ती मागच्या पाळ्यांवरून. पाळी पुढेमागे झाली, की हिरव्या मण्यावरही दिवस राहत. त्यात पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकते. मुंबईत र. धों. कर्वे १९२१ पासून साधने वापरा म्हणून सांगत होते. सरकारने आधी माळच ओढली.