कागदाची कड आणि चरणाचा शेवट
विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेली तुकारामांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली. संपादकांनी ताडून पाहिलेल्या हस्तलिखितांत पंढरपूरचेही एक होते. जुन्या पोथ्यांत मजकूर सलग चाले. कागदाची कड आली की ओळ संपे, मग शब्द मधोमध तुटला तरी चालेल. चरणाचा शेवट दाखवी ती उभी रेघ, म्हणजे दंड. वेगळ्या रुंदीच्या कागदावर नक्कल करणारा कडेची ओळमोड सोडून देई आणि दंड जपे. संगणकाला आज्ञा लिहून देण्याच्या खिडकीने, म्हणजे टर्मिनलनेही, हाच विवेक पाळावा, असे माझे मत आहे. ऐंशी रकान्यांच्या पडद्यावर जागा संपली म्हणून खाली उतरलेली ओळ कॉपी करताना पुन्हा जोडली जावी. लिहिणाऱ्याने मुद्दाम मोडलेली तशीच राहावी.

यावर कोणी म्हणेल, डोळ्यांना दिसते तेच उतरावे. पोथीच्या अभ्यासकाला पानाची मांडणी हवी असते हे खरे, पण त्यासाठी छायाचित्र आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: दंडच गळला तर? मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मोजणी आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक संपादकाला वाट दाखवते. आज्ञावलीला यमक नसते. म्हणून कुठली मोड कडेची, हे टर्मिनलने ओळ उमटतानाच नोंदवायला हवे. मागाहून केलेला तर्क फसतो. पेस्ट करताना तर चुकीची एक मोड म्हणजे एंटर कळ, आणि अर्धवट आज्ञा लगेच चालू लागू शकते.