ट्रकच्या टर्बोचा दाब किती असावा?

डिचोलीतील खनिजवाहतूक असो वा पेडण्यातील मालपेची चढण, भरलेला ट्रक दमू लागला की टर्बोचा दाब वाढवून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो बहुधा महागात पडतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर टर्बो फिरतो आणि हवा दाबून सिलिंडरमध्ये लोटतो. मालवाहू डिझेल इंजिनात हा दाब वातावरणापेक्षा साधारणतः १ ते २ बार अधिक असतो. मर्यादा इंजिनागणिक बदलत असल्याने निर्मात्याची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

मूळ दोष पुष्कळदा अन्यत्र असतो. खाणीची तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये साचते, इंटरकूलरचा पाइप सैल होतो. २०१२ व २०१८ च्या खाणबंदीत दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रकांचे रबरी पाइप तर आधी पाहावेत. हे न तपासता वेस्टगेट आवळल्यास टर्बो प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो, बेअरिंग झिजते, प्रसंगी हेड गॅस्केटही जाते. जोडीला डिझेल वाढवल्यास धूर काळा होतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान चढते. टर्बोपूर्वी ते सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहणे बहुतेक इंजिनांना धोक्याचे. मोजणी भरल्या ट्रकने, चढणीवरच करावी. रिकाम्या ट्रकवरील आकडा फसवा असतो.