ताठपणा की वजन? पूलच्या क्यूने शिकवलेला धडा

सिनॉप्सिस लिहिताना आपण 'अमुकचा तमुकवर होणारा परिणाम' असं शीर्षक देऊन मोकळे होतो. पण तो 'अमुक' नेमका कोणता, हे शोधण्यातच कधीकधी कित्येक वर्षं जातात. पूल खेळाच्या क्यूचा, म्हणजे काठीचा, इतिहास याचं चांगलं उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये फ्रांस्वा मँगो यांनी क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावली. त्यामुळे टोक न घसरता बॉलला मध्याच्या बाजूला मारता येऊ लागलं आणि फिरकी हाती आली. १८३५ मध्ये कोरिओलिस यांनी (हो, 'कोरिओलिस परिणाम'वालेच!) बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं.

फिरकीबरोबर एक अडचणही आली. बाजूला मारलेला बॉल क्यूच्या दिशेत सरळ जात नाही, तर किंचित विरुद्ध बाजूला सरकतो. याला स्क्विर्ट म्हणतात. कोन छोटाच असतो, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत नेम हुकतो.

असं का होतं? खेळाडूंमध्ये बराच काळ चर्चा असायची ती शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागाच्या, ताठपणाची. बारीक, लवचीक शाफ्टने स्क्विर्ट कमी होतो, हे दिसतही होतं. पण गोम अशी की बारीक शाफ्ट हलकाही असतो. दोन चल एकत्र बदलत होते आणि श्रेय एकालाच मिळत होतं.

१९९८ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला हायस्पीड कॅमेऱ्याने फटके टिपले गेले. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात बॉल फिरू लागतो आणि टोकाला बाजूला ढकलतो. टोक जितकं जड, तितका बॉलला उलटा धक्का जास्त. हा आडवा धक्का एवढ्या वेळात पुढच्या काही इंचांपर्यंतच पोचतो, मागच्या काठीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून टोकाजवळ थोडं वजन चिकटवलं की स्क्विर्ट वाढतो. तेच वजन बरंच मागे नेलं की फरक पडत नाही.

१९९० च्या दशकात प्रेडेटर कंपनीने '३१४' हा शाफ्ट आणला. तो मेपलचाच होता, पण लाकडाच्या फाकी जोडून केलेला आणि पुढून पोकळ. २०१६ मध्ये त्यांचाच कार्बन फायबरचा 'रेवो' आला: ताठ, तरी टोकाला हलका. ताठपणा हेच कारण असतं, तर इथे स्क्विर्ट वाढायला हवा होता. तो कमीच राहिला. एकत्र चालणारे दोन चल इथे वेगळे झाले.

मग 'मेपल चांगलं की कार्बन?' हा प्रश्नच अपुरा ठरतो. कार्बन दमट हवेत वाकत नाही, हा फायदा खराच. पण स्क्विर्टपुरतं बोलायचं तर टोकाचं वजन बघायचं, पदार्थाचं नाव नाही. शिवाय जुन्या क्यूचा स्क्विर्ट हिशेबात धरून नेम लावायची सवय असलेला खेळाडू नव्या शाफ्टने आधी चुकतोच. म्हणजे 'कामगिरी' कोणती आणि कधी मोजायची, हेही ठरवावं लागतं.

आपल्या शीर्षकातल्या 'अमुक'ला म्हणूनच दोन प्रश्न विचारून बघा: याच्यासोबत आणखी काय बदलतंय? आणि ते दोन्ही वेगळे करणारा 'रेवो' मला कुठे सापडेल?